न भरलेली जत्रा

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला आपल्या पेशाचा विजय झालेला पाहण्याचा योग क्वचितच येतो. वकिलाचा पक्षकार सुटतो, वैद्याचा रोगी उठून बसतो, स्थापत्यशास्त्रज्ञानें बांधलेल्या पुलावरून गाड्या धांवूं लागतात. आम्हां इतिहासवाल्यांची मातब्बरी मात्र परीक्षेच्या हंगामापुरती. अशा स्थितींत, अमेरिकेंतील कांहीं इतिहासकारांनीं डिस्नेसारख्या बलाढ्य कंपनीला एका लहानशा गांवाच्या वेशींतून माघारी पाठविलें, ही १९९४ सालची वार्ता मला केवढी गोड वाटली असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. मी तेव्हां नुकताच एम. ए. होऊन महाविद्यालयांत लागलों होतों. वर्तमानपत्रांतलें तें कात्रण मीं टांचणवहींत चिकटवून ठेवलें. आणि पुढें अनेक वर्षें, 'इतिहासाचा उपयोग काय?' असें कोणी विद्यार्थी विचारूं लागला कीं, मी त्याला हेमार्केटची कथा सांगत असें.

२०२३ च्या उन्हाळ्यांत मी त्याच हेमार्केटला गेलों. माझा भाचा त्या बाजूला संगणकाच्या एका कंपनींत नोकरीला आहे. त्याच्या घरीं महिनाभर राहावयाचा बेत होता. पहिल्याच आठवड्यांत जेवतां जेवतां मीं कात्रणाची गोष्ट काढली, तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामा, ती जमीन शोधायला कुठें जायला नको. तुम्ही बसलां आहांत तीच."

खिडकीबाहेर एकाला झांकावें आणि दुसऱ्याला काढावें अशा घरांच्या रांगा होत्या. मधून गोल्फचें हिरवेंगार मैदान पसरलेलें, आणि वसाहतीच्या तोंडाशीं पहारेकऱ्याची चौकी. कात्रण जेथें संपलें होतें तेथून पुढें काय घडलें हें जाणण्याची मला मोठी हुरहूर लागली; आणि त्या महिन्यांत भाचा कामावर गेला कीं मी जवळच्या वाचनालयांत जाऊन बसूं लागलों.

हेमार्केट हें व्हर्जिनिया संस्थानांतलें, प्रिन्स विल्यम काउंटींतलें गांव. वॉशिंग्टन शहरापासून तें पश्चिमेस सुमारें ३५ मैलांवर आहे. १९९० च्या शिरगणतींत त्याची वस्ती पांचशेंच्या आंत होती. तेथून चार-पांच मैलांवर मनॅससची रणभूमि लागते. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील दोन लढाया तेथें झाल्या. पहिली १८६१ च्या जुलैंत आणि दुसरी १८६२ च्या ऑगस्टांत. मेलेले, जखमी व बेपत्ता झालेले असे दोहोंचे मिळून पंचवीस हजारांहून अधिक लोक भरले. दुसऱ्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत उत्तरेच्या सैनिकांनीं हेमार्केट गांव जाळून टाकलें.

पहिल्या लढाईची एक हकीकत मला फार बोलकी वाटते. लढाई एका दिवसांत आटोपेल आणि बंडखोर पळत सुटतील अशी वॉशिंग्टनकरांची इतकी खात्री होती कीं, त्या रविवारीं कित्येक प्रतिष्ठित गृहस्थ, त्यांत कायदेमंडळाचे सभासदसुद्धां, बग्ग्या जोडून आणि फराळाच्या टोपल्या बरोबर घेऊन युद्धाची मौज पाहावयास निघाले. बहुतेक जण सेंटरव्हिलच्या उंचवट्यावरून दुर्बिणी लावून पाहत होते. सायंकाळीं उत्तरेचीच फौज उधळली, आणि पळणारे शिपाई, तोफगाडे व या प्रेक्षकांच्या बग्ग्या यांची एकाच रस्त्यावर गर्दी उडाली. म्हणजे या भूमीवर करमणुकीचा पहिला कार्यक्रम डिस्नेच्या आधीं १३२ वर्षें ठरला होता. तो फसला इतकेंच.

आतां थोड्या रूक्ष विषयाकडे वळलें पाहिजे. अमेरिकेंत मनुष्य जमिनीचा मालक असला तरी तिचें काय करावें हें ठरविण्यास तो पुरता मुखत्यार नसतो. नकाशावर रंग भरावे त्याप्रमाणें मुलुखाचे विभाग पाडलेले असतात. हा शेतीचा, हा वस्तीचा, हा व्यापाराचा. न्यूयॉर्कनें १९१६ सालीं ही पद्धति सबंध शहराला लागूं केली, व १९२६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती घटनेला धरून आहे असा निर्णय दिला. तिला झोनिंग म्हणतात. शेतजमीन बिगरशेती करून घेण्यासाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या आपल्याकडील गृहस्थांस हा प्रकार फोड करून सांगण्याची गरज नाहीं. भेद एवढाच कीं, तेथें विभाग बदलावयाचा तर लोकांनीं निवडून दिलेल्या काउंटीच्या मंडळापुढें उघड सुनावणी होते, आणि कोणाही रहिवाशाला उठून ठराविक मिनिटें बोलतां येतें. नकाशावरचा हिरवा रंग तेथें बहुमतावर टिकून असतो. बहुमत फिरलें कीं रंग फिरतो.

मनॅससच्या आसपासचा रंग फिरविण्याचा प्रयत्न डिस्नेच्या आधींही झाला होता. १९७३ सालीं मॅरिअट या हॉटेलवाल्या कंपनीनें रणभूमीजवळ एक करमणूक-उद्यान काढण्याचें ठरविलें. विरोध व दिरंगाई यांत तें बारगळलें, आणि कंपनीचीं तशीं दोन उद्यानें १९७६ सालीं कॅलिफोर्निया व इलिनॉय या संस्थानांत उघडलीं. पुढें १९८८ सालीं एका बिल्डरनें रणभूमीला अगदीं लागून असलेल्या ५४२ एकरांवर, म्हणजे दुसऱ्या लढाईच्या वेळीं दक्षिणेचा सेनापति ली याचा तळ जेथें पडला होता तेथेंच, भली मोठी बाजारपेठ बांधण्याचा घाट घातला. माती उकरण्यास सुरुवातही झाली. तेव्हां ॲनी स्नायडर नांवाच्या तेथल्याच एका बाईनें रान उठविलें. शेवटीं अमेरिकन काँग्रेसनें खास कायदा करून तो सबंध तुकडा सरकारजमा केला. मालकाला जो मोबदला द्यावा लागला तो अखेरीस १३ कोटि डॉलरांच्या घरांत गेला. ही रक्कम वाचून माझे डोळे पांढरे झाले. पण तिचा उल्लेख मला पुढें पुन्हां करावयाचा आहे.

११ नोव्हेंबर १९९३ रोजीं डिस्ने कंपनीनें 'डिस्नेज अमेरिका' या उद्यानाची घोषणा केली. हेमार्केटजवळची सुमारें ३,००० एकर जमीन तिनें आपलें नांव फुटूं न देतां आधींच करारानें बांधून ठेवली होती. अंदाजी खर्च ६५ कोटि डॉलर. उद्यान स्वतः बेताचेंच. पण त्याच्या भोंवतीं दोन हजारांवर घरें, शिवाय हॉटेलें, कचेऱ्या आणि गोल्फचीं मैदानें. उद्यानांत अमेरिकेचा इतिहासच खेळण्याच्या रूपानें मांडावयाचा होता. यादवी युद्धांतला एक किल्ला. तळ्यांत दोन पोलादी युद्धनौकांची झुंज. नशीब काढावयास परदेशाहून आलेल्या लोकांचें एक दालन. जुन्या वळणाचें एक शेत. आणि यंत्रयुगाचें दर्शन घडावें म्हणून पोलादाच्या कारखान्यांतून, रसरसलेल्या भट्टीला चुकवीत, पोटांत गोळा आणीत धांवणारी एक गाडी. कंपनीच्या एका अधिकाऱ्यानें तर, गुलामाला काय वाटत असेल याचाही अनुभव आम्ही प्रेक्षकांना देऊं, असें सांगून टाकलें. त्या एका वाक्यानें जेवढे शत्रु निर्माण केले तेवढे सबंध आराखड्यानेंही केले नसतील.

विरोधकांची फळी मोठी चमत्कारिक होती. आघाडीला त्या टापूंतले जुने श्रीमंत जमीनदार. घोड्यावर बसून कोल्ह्याची शिकार करणें हा त्यांच्यांतल्या कित्येकांचा कुलाचार. पीडमाँट एन्व्हायर्न्मेंटल कौन्सिल ही १९७२ सालीं स्थापन झालेली संस्था त्यांच्या पाठीशीं होती. १९९४ च्या मे महिन्यांत त्यांना इतिहासकार येऊन मिळाले. डेव्हिड मॅककलो, जेम्स मॅकफर्सन, सी. व्हॅन वुडवर्ड हीं नांवें आमच्या पेशांत वजनदार आहेत. उलट बाजूस संस्थानचे गव्हर्नर जॉर्ज ॲलन, काउंटीचे कारभारी, आणि रोज पहांटे उठून मोटारींच्या रांगेंतून वॉशिंग्टनकडे कामाला जाणारे पुष्कळ साधे लोक. त्यांना गांवाजवळ नोकऱ्या हव्या होत्या. शाळांसाठीं कराचें उत्पन्न हवें होतें. मार्चमध्यें संस्थानच्या कायदेमंडळानें या कामीं १६ कोटि ३० लक्ष डॉलरांची मदत मंजूरही केली. जूनमध्यें सेनेटच्या एका उपसमितीपुढें इतिहासकारांच्या साक्षी झाल्या. त्याच सुमारास डिस्नेचे प्रमुख मायकेल आयझ्नर यांनीं, आपण इतिहासाच्या वर्गांत पुष्कळ बसलों, या लोकांचें लिखाणही वाचलें, पण हातीं कांहीं लागलें नाहीं, सारें कंटाळवाणें होतें, अशा अर्थाचे उद्गार काढले. हें वाचून मला राग यावयास हवा होता. परंतु मागच्या बांकावरच्या जांभया तीस वर्षें पाहत आलेला मनुष्य मी. मला त्यांत उद्धटपणापेक्षां खरेपणाच अधिक दिसला.

२८ सप्टेंबर १९९४ रोजीं कंपनीनें माघार घेतली. इतिहासकारांचा जय झाला, यांत संशय नाहीं. मात्र श्रेय वांटतांना कांहीं गोष्टी विसरून चालणार नाहीं. १९९२ सालीं पॅरिसजवळ उघडलेलें डिस्नेचें उद्यान तेव्हां मोठ्या तोट्यांत होतें. कंपनीचे अध्यक्ष फ्रँक वेल्स हे १९९४ च्या एप्रिलमध्यें हेलिकॉप्टरच्या अपघातांत वारले होते, आणि जुलैंत खुद्द आयझ्नर यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. मनॅससच्या लढाईसंबंधीं लिहितांना आम्ही सैन्याची दमछाक, रसद, सेनापतीची प्रकृति हीं सारीं कारणें मांडतों; आपल्याच विजयाच्या वेळीं तीं वगळण्याचें कारण मला दिसत नाहीं.

त्या काळचीं भाषणें व लेख मीं जेवढे वाचले त्यांत एक गोष्ट मला राहून राहून खटकली. रणभूमीच्या शेजारीं माणसांनीं हंसावें, किंचाळावें, गोळ्या-बिस्किटें खावीं, हेंच पुष्कळांना असह्य झालें होतें. मी ज्या मुलुखांत वाढलों तेथें देवळाच्या दारांतच फिरते पाळणे उभे राहतात, आणि सिंहगडावर पिठलें-भाकरी खाल्ल्यानें तानाजीचा अपमान होतो असें अद्याप कोणी म्हटलेलें मीं ऐकलें नाहीं. पवित्र आणि मौजेचें या दोन गोष्टींना अगदीं निराळ्या आळींत राहावयास लावण्याची ही वृत्ति मला थोडी परकी वाटते. इतिहासकारांच्या बाजूनें एवढें अवश्य म्हटलें पाहिजे कीं, त्यांच्यांतल्या विचारी माणसांचा आक्षेप पाळण्यांपेक्षां पाळण्याभोंवतीं माजणाऱ्या बजबजपुरीला होता. उद्यान आलें कीं रस्ते रुंदावतील, दुकानें येतील, घरें येतील, आणि मग जुना मुलूख ओळखूं येणार नाहीं, असें ते बजावून सांगत होते.

पण ती घरें डिस्नेवांचूनही आलीं! एकविसावें शतक उजाडल्यावर टोल ब्रदर्स या घरें बांधणाऱ्या कंपनीनें त्याच जमिनीच्या मोठ्या भागावर गोल्फच्या मैदानासह ही वसाहत उभी केली. १९९० सालीं प्रिन्स विल्यम काउंटीची वस्ती २ लक्ष १५ हजार होती. २०२० सालीं ती ४ लक्ष ८२ हजार भरली. या घरांविरुद्ध सेनेटपुढें कोणा इतिहासकाराची साक्ष झाल्याचें मला कोठें आढळलें नाहीं. मोठी पारितोषिकें मिळविलेले लेखक घराविरुद्ध काय लिहिणार? घर ही गंभीर वस्तु आहे. तेथें मनुष्य झोपतो, कर्जाचे हप्ते फेडतो, रविवारीं मोटार धुतो. पाळणा उघड उघड मी पाळणा आहें असें सांगत येतो, म्हणून त्याला वेशीवर अडवितां येतें. घरें एकेक करून येतात आणि प्रत्येक घराला एक आई, एक बाप, शाळेंत जाणारीं दोन मुलें असतात. त्या घरांतल्या एका घरांत माझी नात माझ्या मांडीवर बसून भात खात होती. ती जमीन मोकळी राहावयास हवी होती असें मीं कोणत्या मनानें म्हणावें?

एके सकाळीं भाच्यानें मला त्या ५४२ एकरांच्या तुकड्यापाशीं सोडलें आणि तो कामाला गेला. बाजारपेठेसाठीं तेथें माती उकरली होती याची नवख्याला शंकाही येणार नाहीं. कमरेएवढें गवत, मधून गेलेली पाऊलवाट, आणि तुरळक पक्ष्यांचे आवाज. तासाभरांत मला दोनच माणसें भेटलीं. त्यांतला एक कुत्र्याला फिरवीत होता. गवतांत बसून मी हिशेब करीत होतों. या टापूंत तीन वेळां झुंज झाली. मॅरिअट हरलें, डिस्ने हरलें, बाजारपेठ हरली. विरोधकांचा आवेश तिन्ही वेळां सारखाच. पण जी जमीन पैसे मोजून विकत घेतली गेली ती आजही गवताखालीं आहे. आणि जी नुसत्या विरोधानें राखली गेली तिच्यावर गोल्फचे चेंडू उडत आहेत. ॲनी स्नायडरच्या लढ्याची किंमत १३ कोटि डॉलर पडली, ती सरकारनें दिली, आणि मामला कायमचा मिटला. डिस्नेशीं झालेल्या लढ्याची किंमत मानानें फारच थोडी पडली. म्हणूनच कीं काय, तो मिटलाच नाहीं. सुनावणींत जिंकलेली जमीन पुढल्या सुनावणीपर्यंतच आपली असते. आमच्यासारख्या गवताच्या चाहत्यांना खिशांत हात घालण्याची संवय नसते, हें माझें दुःख आहे.

ती पुढली सुनावणी माझ्या मुक्कामांतच घाटत होती. रणभूमीला लागून जाणाऱ्या पेजलँड लेन या रस्त्याच्या कांठची सुमारें २,१०० एकर जमीन डेटा सेंटरांसाठीं खुली करावी असा प्रस्ताव काउंटीपुढें आला होता. डेटा सेंटर म्हणजे संगणकांचीं अजस्र कोठारें. खिडक्या जवळजवळ नाहींत, माणसें थोडीं, विजेची भूक अफाट. जगांत कोठें नाहींत एवढीं हीं कोठारें उत्तर व्हर्जिनियांत दाटलीं आहेत. येथें आणखी ३७ पर्यंत इमारती व्हावयाच्या होत्या. एकरीं दहा लक्ष डॉलरांच्या आसपास भाव वर्तमानपत्रांत छापून आले, आणि जमिनी विकूं इच्छिणाऱ्यांत पूर्वींच्या लढ्यांत हिरिरीनें उभीं राहिलेलीं माणसेंही होतीं. त्यांना मी दोष देत नाहीं. चोहों बाजूंनीं घरें आणि डोक्यावर विजेच्या मोठ्या तारा, अशा स्थितींत शेवटचा शेतकरी म्हणून एकट्यानें उरण्याचा भार कोणीं कोणावर घालावा?

भाच्याच्या वसाहतींत या प्रस्तावाविरुद्ध सह्या गोळा होत होत्या. तो कागद चार दिवस त्याच्या टेबलावर तसाच पडून होता. एका रात्रीं तो मला म्हणाला, "मामा, माझा पगार ज्या यंत्रांवर निघतो तीं यंत्रें असल्याच कोठारांत ठेवलेलीं असतात. आणि राहतों तें घर हें असें. मी कोणत्या तोंडानें विरोधाला उभा राहूं? लोक म्हणतील, स्वतः आंत शिरला आणि आतां दार लावून घेतो आहे."

"म्हणतील," मी म्हटलें. "पण ज्याचे हात स्वच्छ त्यानेंच बोलावें असा नियम केलास, तर त्या सभागृहांत नुसत्या खुर्च्याच उरतील."

"मग बोलूं काय? रणभूमि पवित्र आहे म्हणून सांगूं? तिथें मी उभ्या आयुष्यांत एकदां गेलों आहें, तेंही पाहुण्यांना घेऊन."

याला माझ्यापाशीं चटकन उत्तर नव्हतें. मीं त्याला माझ्या वहींतला ५४२ एकरांचा हिशेब उतरून दिला आणि महिना संपल्यावर मी परत आलों.

डिसेंबरांत सुनावणी झाली. सभा सकाळीं सुरू झाली, ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीं दुपारीं संपली. चोवीस तासांहूनही अधिक. भाच्याची पाळी आली ती मध्यरात्र उलटल्यावर. त्यानें, त्याच्या सांगण्याप्रमाणें, एवढेंच म्हटलें कीं, माझें घर ज्या जमिनीवर आहे तिच्यासाठीं एकदां याच काउंटींत भांडण झालें होतें, आणि त्यांत जिंकणाऱ्यांना काय मिळालें तें पाहावयाचें तर माझ्या घरीं या. तुम्हांला ही जमीन खरोखर राखावयाची नसेल तर तसें सांगा, पण राखावयाची असेल तर मतें मोजूं नका, पैसे मोजा. टाळ्या फार पडल्या नाहींत. विरोधकांनाही त्याचें बोलणें आवडलें नाहीं, कारण पैशाची गोष्ट काढल्यानें आपली बाजू पडते असें त्यांना वाटलें. प्रस्ताव तीनांविरुद्ध चार मतांनीं मंजूर झाला.

२०२५ च्या ऑगस्टांत तेथील न्यायाधीशांनीं ही मंजुरी रद्द ठरविली, आणि प्रकरण वरच्या न्यायालयाकडे गेलें. रद्द होण्याचें कारण वीरांचें रक्त नव्हे कीं इतिहासकारांची साक्ष नव्हे. सुनावणीच्या जाहीर नोटिसा नियमाप्रमाणें प्रसिद्ध झाल्या नव्हत्या, हें. भाच्यानें फोनवर ही बातमी सांगितली तेव्हां मीं त्याला विचारलें, "मुलीला रणभूमि दाखविलीस का रे?"

"दाखविणार आहें," तो म्हणाला. "पण तिची आधींची अट आहे. आधीं फ्लॉरिडाला जायचें, डिस्नेच्या बागेंत. तिकिटें काढून झालीं आहेत."